अजून मोकळी झाली नाही

४ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! बॅग अजून दाराशी तशीच पडली आहे, पण आधी वही उघडली, कारण बाबांना तसा शब्द दिला आहे. बाबांनी पस्तीस वर्षं कचेरीत बसून नकाशे काढले. जगातला कुठलाही गुंता कागदाच्या मधोमध एक रेघ मारली की सुटतो, असं त्यांचं ठाम मत. रेघेच्या डावीकडे ‘सुईण का व्हावं’, उजवीकडे ‘का होऊ नये’. तीन महिने प्रामाणिकपणे लिही आणि मग ठरव, म्हणाले. प्रशिक्षणाचा अर्ज जानेवारीअखेर द्यायचा आहे. तोवर इथे उमेदवारी.

दादाचा पूर्ण विरोध आहे. पण त्याच्या मताला अर्थ नाही. वहिनीच्या बाळंतपणात हा दाराबाहेर बसल्या बसल्या घेरी येऊन पडला आणि बाळ बाजूला ठेवून नर्स याच्याच तोंडावर पाणी मारत होत्या. वहिनी मात्र म्हणाली, जा, पण काय जमतं ते बघू नकोस, काय झेपतं ते बघ. या कामाचं वेड लागलं तेही तिच्यामुळेच. दोन वर्षं मी डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालत होते. वर बघा, खाली बघा, मिटा. त्या दिवशी वहिनीचा हात धरून उभी होते, तर तिथली सुईण माझ्यावर खेकसली की नुसती उभी काय राहतेस, धर इकडे. आणि माझ्या हातांत एक ओलं, गरम, भयंकर चिडलेलं मूल! त्यानंतर थेंबांत जीव रमेना.

प्रसूतिगृह गावाच्या वरच्या अंगाला, चढावर आहे. दुमजली घर, भिंतींना छातीपर्यंत हिरवा ऑइलपेंट, वर चुना. खाली सहा खाटांची मोठी खोली, स्वयंपाकघर आणि मागच्या बाजूला प्रसूतीची खोली. वर एक खोली माझी, एक थोरल्या बाईंची. माझ्या खिडकीतून काचेच्या कारखान्याची धुराडी दिसतात. पाचचा भोंगा झाला की कामगारांच्या सायकलींची रांग उतारावरून घरंगळत जाते.

थोरल्या बाई म्हणजे इथल्या मुख्य सुईण. त्यांना सगळं गाव याच नावानं ओळखतं. साठीच्या, उंच, हाताचे पंजे परातीएवढे. माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, बरे आहेत, नखं अजून काप. स्वागत संपलं! झाडलोट आणि स्वयंपाक मावशी बघतात. बाई जेवढ्या गप्प तेवढ्या मावशी बोलतात, त्यामुळे घरात सरासरी ठीक राहते. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, अडलं तर रुग्णवाहिका बोलवायची.

डावी बाजू: चहा कडक, बाई कडक, खिडकी मोठी. उजवी बाजू: अजून कोरी.

६ नोव्हेंबर

पहिलं बाळंतपण! काचकामगाराची बायको, तिसरी खेप. चालत आली, आणि येताना आमच्यासाठी दोन कोबी घेऊन आली.

प्रसूतीच्या खोलीत दोन लोखंडी खाटा आहेत. एक खिडकीकडे, एक भिंतीकडे, मध्ये पांढरा पडदा. बाई खिडकीकडचीच वापरतात. भिंतीकडच्या खाटेवरही मावशी रोज धुतलेली चादर घालतात, पण तिथे कुणाला झोपवत नाहीत. मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, ती असू दे.

कळा येताना बाई बाळंतिणीला खिडकीकडे तोंड करून कुशीवर निजवतात. उजेडाकडे बघितलं की बाळंतीण घाबरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला लाकडी नळी पोटाला लावून बाळाचे ठोके मोजायला शिकवलं. आणि नोंदीचा नियम सांगितला: आधी वेळ लिहायची, मग काय झालं ते. वेळ नसलेली नोंद म्हणजे गप्पा. अकरा वीसला मुलगी झाली. तिची आई हसत होती आणि मी रडत होते.

एका गोष्टीवरून मात्र बोलणी खाल्ली. मध्येच टॉवेल कमी पडले, म्हणून दाराशी वळून मी म्हटलं, “घाबरू नका हं, दोन मिनिटांत आलेच!” बाईंचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, बाळाचं काही बिघडलं. नंतर व्हरांड्यात गाठून म्हणाल्या, या खोलीतून निघायचं असेल तर ‘जाते’ म्हणायचं. ‘येते’ नाही, ‘आलेच’ तर मुळीच नाही. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे कुणी ‘जाते’ म्हटलं की आजी खाऊ की गिळू करायची. त्यावर म्हणाल्या, तुमच्याकडे म्हणत नसतील. इथे म्हणायचं.

प्रत्येक थोर माणसाला एखादं खूळ असतंच. चालायचंच.

१३ नोव्हेंबर

आठवड्यात चार बाळंतपणं. डावी बाजू भराभर वाढते आहे: बायका आपल्यावर इतक्या लवकर विश्वास टाकतात, की आपण बरे असल्यासारखं वाटायला लागतं. उजव्या बाजूला आता ‘कंबर’ आणि ‘झोप’ अशा दोन गोष्टी आहेत.

काचकामगाराची बायको आज बाळाला दाखवायला आली. जाताना म्हणाली, सगळ्यांनी केलं, पण कंबरेला जिनं घट्ट धरून ठेवलं होतं तिचे उपकार विसरणार नाही. मी म्हटलं, त्या बाईच असणार. बाई म्हणाल्या, मी पायांशी होते. आणि मी तर तिच्या तोंडासमोर, तिचा हात धरून. कळांत माणसाला कुठलं भान असतं, म्हणा.

२१ नोव्हेंबर

आजच्या बाळंतीणबाई गणिताच्या शिक्षिका. पहिली खेप. कळांमधलं अंतर आमच्याआधी त्याच सांगायच्या, आणि बरोबर सांगायच्या! दुपारी दोनच्या सुमाराला, मोठी कळ ओसरल्यावर, अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, “मागे कोण आहेत त्यांना जरा नखं कापायला सांगा. लागतंय.”

त्यांच्या मागे कुणी नव्हतं. मागे पडदा होता.

मूल सुखरूप झालं. संध्याकाळी त्यांना पुसून घेताना मी पाठ पाहिली. कंबरेच्या दोन्ही बाजूंना चार-चार लाल चंद्रकोरी. कुणीतरी दोन्ही हातांनी, बोटं रुतवून धरल्यासारख्या. मी नकळत स्वतःची नखं बघितली. सकाळीच बाईंनी तपासलेली, मुळापर्यंत कापलेली. बाईंची तर त्याहून.

बाईंनी काही न विचारता मलम लावलं. मलमाची डबी त्यांच्या झग्याच्या खिशातच होती. म्हणजे ती नेहमी लागते.

२८ नोव्हेंबर

प्रसूतीची खोली रिकामी असली की दुपारी तिथे बसून मी कपड्यांच्या घड्या घालते. ऊन छान येतं. सोमवारी एक वाजून दहा मिनिटांनी पडद्यामागून कुणीतरी श्वास आत ओढला. ओढून धरून ठेवला, आणि मग लांब, जड ‘हूंऽ’ करून सोडला. मी पडदा सरकवला. चादर, उशी, भिंत. नळातली हवा असेल म्हणून परत बसले. एक चाळीसला पुन्हा.

आज अंतर पंचवीस मिनिटांचं. घड्याळ लावून बसले होते. असा आवाज मी महिनाभर रोज ऐकते आहे, त्यामुळे ओळखायला चुकणार नाही. नळाला कळा येत नाहीत.

मावशींना विचारलं. दोघींच्या वाटचं बोलणाऱ्या मावशी भांडी घासत राहिल्या. मग म्हणाल्या, मी त्या खोलीत बारानंतर जातच नाही, तूही जाऊ नको.

५ डिसेंबर

आज बाई बोलल्या. मी तीन वेळा विचारलं तेव्हा. स्वयंपाकघरात, चहा गार होईपर्यंत.

अकरा वर्षांपूर्वी अशीच एक उमेदवार आली होती, माझ्याच वयाची. हात फार चांगले होते म्हणे. एका दुपारी बाईंना गाडीनं दुसऱ्या एका अडलेल्या बाईकडे जावं लागलं. मावशी सुट्टीवर. इथे एकच बाळंतीण होती, भिंतीकडच्या खाटेवर. तिचा नवरा कामासाठी लांब होता, सोबतीला कुणी नाही. सगळं ठीक चाललं होतं म्हणून बाई गेल्या. दीडच्या सुमाराला रक्तस्राव सुरू झाला. त्या मुलीनं डॉक्टरांना फोन करायला म्हणून खोली सोडली. फोन जिन्याखालीच होता. ती त्याच्यासमोरून गेली, गेटमधून बाहेर पडली आणि उतारावर मिळाली त्या बसमध्ये चढली.

बाई तीनला परतल्या. बाळंतीण गेली होती; तिचा हात दाराच्या दिशेनं लांब केलेला होता, म्हणाल्या. आणि मग, “मोकळी झाली नाही गं ती.”

ती खाट बाईंनी एकदा अडगळीच्या खोलीत हलवली होती. त्या आठवड्यात आलेल्या चारही बायकांना पाठीवर, दंडांवर, गळ्याशी ओरखडे आले. जागा सापडत नव्हती तिला, म्हणाल्या. पुन्हा आणून ठेवली, तेव्हापासून मावशी चादर बदलतात.

मी वर येऊन वहीत रेघ मारली आणि डावीकडे-उजवीकडे काहीच लिहिलं नाही.

८ डिसेंबर

विचार करून करून मन थोडं शांत झालं आहे. पडद्यामागे कण्हते ती बाळंतीण असेल, पण धरणारे हात त्या पळून गेलेल्या मुलीचे. ती पश्चात्तापानं मेली असणार आणि आता परत येऊन बायकांच्या कंबरा धरून बसत असणार. यात भिण्यासारखं काय आहे? वाईटच वाटतं. आज खोलीतून निघताना मी पडद्याकडे बघून हळूच म्हटलं, चांगलं करतेस, बाई.

मावशींनी ऐकलं असावं. जेवायला वाढताना म्हणाल्या, कुणाशी बोलत होतीस? मी सांगितलं. त्यांनी डाव पातेल्यात परत टाकला. “ती मेली असं कोण म्हणालं तुला? शेजारच्या गावात लोकरीच्या दुकानात असते ती.”

१५ डिसेंबर, रविवार

गेले होते. बसनं पाऊण तास.

छोटं, नीटनेटकं दुकान. रंगांप्रमाणे लावलेले लोकरीचे गुंडे. गल्ल्यामागे पस्तिशीची, गोरटेली बाई, स्वेटरची बाही विणत बसलेली. मी कुठून आले ते सांगितल्यावर तिनं सुया खाली ठेवल्या आणि दाराला आतून कडी लावली. मला वाटलं, हाकलून देईल. तिनं मला बसायला स्टूल दिलं.

कुणीतरी विचारायला येईल म्हणून अकरा वर्षं वाट बघत होती, असं म्हणाली. मग सगळं एका दमात सांगितलं. रक्त थांबेना तेव्हा ती फोनकडेच निघाली होती. पण त्या बाळंतिणीनं हिचं मनगट धरलं आणि सोडेना. नखं वाढलेली होती, पोट पुढे आल्यावर पायाची तर सोडाच, हाताचीही कुणाला कापवतात? ती म्हणत होती की मला एकटीला टाकून जाऊ नका. हिनं तिचं एकेक बोट सोडवलं. पाचही. आणि म्हणाली, “दोन मिनिटांत आलेच.”

“मी खोटं नव्हते बोलत हो,” असं दोनदा म्हणाली. फोनपर्यंत गेले, आणि पाय पुढेच चालत राहिले.

बाही वर करून मनगट दाखवलं. पाच खुणा, पांढऱ्या पडलेल्या. मी विचारलं, बाळाचं काय झालं? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी असभ्य बोलले. पोटातच राहिलं, म्हणाली. बाईंनी नाही सांगितलं?

परतीच्या बसमध्ये सगळा वेळ माझ्या डोक्यात एकच. म्हणजे ते हात मदतीचे नाहीत. कळ आली की बाळंतीण हाताला लागेल ते धरते. मी रोज बघते. खाटेची कड, चादर, माझा दंड. समोर कुणाची पाठ आली तर पाठ.

पडद्यामागची ती कुणाला धीर देत नाही. तिला अजून कळा येताहेत.

१९ डिसेंबर

अंतर बारा मिनिटं.

बाईंना सगळं सांगितलं. अकरा वर्षांत तो आवाज आठवड्यातून एखाद-दोनदाच यायचा, म्हणाल्या. असा वाढत कधी गेला नव्हता. मग म्हणाल्या, “तू तिथे उभी राहून शब्द दिलास. तुला माहीत नव्हतं. पण तिला वाटलं, कुणीतरी येणार आहे.”

सामान बांध आणि उद्या जा, म्हणाल्या. पण या पंधरवड्यात तीन बायकांचे दिवस भरताहेत आणि बाई एकट्या आहेत. कशी जाऊ?

२२ डिसेंबर

आजची बाळंतीण बसवर कंडक्टर आहे, आवाज खणखणीत. आम्ही तिला कुशीवर निजवलंच नाही, उताणीच ठेवली. अडीचला तिचं मूल आलं. मुलगा. तो रडला तसा पडद्यामागचा आवाज एकदम थांबला. कुणीतरी कान देऊन ऐकत असल्यासारखा. मग हुंदका.

कंडक्टरीणबाईंनी विचारलं, पलीकडच्या बाईंचं काय झालं? बाई म्हणाल्या, वेळ आहे अजून.

बाई खोटं बोलल्या की खरं?

२७ डिसेंबर

सात मिनिटं. दुपारपुरतं राहिलं नाही आता. सकाळीही.

मावशींनी हाक मारली. पडद्यामागची चादर ओली, गादीपर्यंत. वर छत कोरडं, नळ पलीकडच्या भिंतीला. मी वास घेतला. महिनाभरात तो वास ओळखीचा झाला आहे.

बाळाभोवतीची पाणमोट फुटून पाणी गेलं की मी वेळ लिहिते. सवयीनं आजही लिहिली. नऊ चाळीस.

मावशींनी चादर बदलली नाही. पिशवी उचलली आणि घरी गेल्या. मला सांगून गेल्या — जाते, म्हणाल्या.

३० डिसेंबर

पाच मिनिटं. बाई जेवत नाहीत. मीही.

काल कळेच्या वेळी मी पडद्याजवळ उभी होते. मुद्दाम नाही, टॉवेल काढत होते. मनगटाला काही लागलं. गार नाही. घामेजलेला, गरम हात. मी माझा हात ओढून घेतला. चार चंद्रकोरी.

उजवीकडे काय लिहू? बाबा, हे तुमच्या कागदावर मावत नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

बाईंनी आज सकाळी मला बाहेर ठेवलं आणि आत गेल्या. मी बघते, म्हणाल्या, अकरा वर्षांपूर्वीच जायला हवं होतं. दार लावलं. दहा मिनिटं त्यांचा आवाज येत होता, रोज बायकांशी बोलतात तसाच — हळू, बाळ, श्वास घे — आणि मग धाडकन पडल्याचा.

मांडीचं हाड मोडलं आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. त्यांना ढकललं नाही कुणी. जमीन ओली होती. पण त्या दुखण्यानं रडत नव्हत्या. “तिला मी नको गं,” म्हणाल्या. “मी तिच्यासाठी उशिरा आलेली बाई आहे.”

डॉक्टर म्हणाले, नवीन बायकांना मोठ्या दवाखान्यात पाठवा. इथे आता एकच बाळंतीण उरली आहे, मूल तीन दिवसांचं. तिचा नवरा रविवारी सकाळी न्यायला येईल. बाबांना फोन केला. तेही रविवारीच येतात, दोनच्या बसनं. किल्ली मावशींच्या घरी टाकायची आणि निघायचं.

स्ट्रेचरवरून बाईंनी माझा हात दाबला. म्हणाल्या, दार लाव, ‘जाते’ म्हण, आणि मागे बघू नकोस. ऐकशील ना?

हो म्हटलं.

४ जानेवारी

तीन मिनिटं.

बाळंतीण कान झाकून बसली आहे. विचारते, ती आत कोण आहे, तिच्याकडे कुणीच का जात नाही?

काय सांगू —

५ जानेवारी, रविवार

सकाळ. बाळंतिणीला नेलं. घर रिकामं. बॅग भरली.

एक वाजता गेटपर्यंत गेले होते, बाबांना बसथांब्यावरच गाठू म्हणून. बॅग हातात. उतारावर ऊन पडलेलं, कारखाना बंद, रस्त्यावर कुणी नाही. ‘जाते’ म्हटलंही. मोठ्यानं. आतून आवाज आला. शब्द नव्हते. शेवटच्या कळांचा वेगळा आवाज असतो, खालून येतो, जोर लावल्याचा. तो ऐकला की हात आपोआप बाह्या वर करतात. माझेही झाले. गेटमध्ये उभी राहून.

पाय कुठे जाताहेत ते बघत राहिले. ते मागे वळले.

ठरलं म्हणायचं. अर्ज भरेन की नाही ठाऊक नाही, पण कळा देणाऱ्या बाईला टाकून मला बसमध्ये चढता येत नाही. एवढंच कळलं दोन महिन्यांत.

वही बरोबर घेते. नोंद ठेवायला हवी. आधी वेळ.

१.२५ — पडदा सरकवला. खाट रिकामी दिसते. उशीत मात्र डोक्याएवढा खड्डा.

१.३० — लाकडी नळी घेतली. पोट असेल तिथे, हवेत धरली. हात काढला. पडली नाही.

१.३२ — ठोके. एकशे चाळीस. स्वच्छ. दोनदा मोजले.

१.४० — कळ. डावं मनगट तिनं धरलंय. धरू दे. उजव्या हातानं लिहिते.

तिला सांगितलं, मी आहे. कुठे जात नाही.

१.५२ — आता थोडी दिसते. भिंतीवर ओल दिसते तशी. गुडघे. कपाळावर चिकटलेले केस. माझ्यापेक्षा लहान आहे ती. हे कुणीच कसं सांगितलं नाही मला —

२.०१ — रक्त आहे. पण थोडं. थांबेल. मांडीखाली टॉवेल दिले. रिकाम्या खाटेवर टॉवेल लाल होतोय.

२.०८ — डोकं दिसतंय. म्हटलं, आता जोर नको, फक्त श्वास घे. ऐकते. शहाणी आहे.

२.११ — डोकं बाहेर. माझ्या हातात वळलं, स्वतःहून, जिवंत मूल वळतं तसंच —

बाहेर गेट वाजलं. बाबा. माझं नाव घेऊन हाक — ओ द्यायला तोंड उघडलं आणि तिनं मनगट —

नाही गं. नाही जात.

२.१३ — खांदा. दुसरा. आलं. जड. निळसर. मुलगी.

रडत नाही.

तोंड पुसलं. पाठ चोळली. पाय हातात धरून — पुन्हा चोळली —

ती विचारतेय, काय झालं, काय झालं. सगळ्या तेच विचारतात.

खोलीत उजेड कमी — ढग असेल. माझे हात मनगटापर्यंतच दिसतात. पुढचे —

२.१५ — फुंकर घातली. छाती हलत नाही. पुन्हा.

बाबा दाराशी. कडी हलवतायत. दाराला कडी लावलीच नव्हती मी.

म्हणतायत, अगं, उघड, आत कोण आहे, बाळ कुणाचं रडतंय एवढं —

पण माझ्या हातातलं तर अजून रड